एअर रायफल: नळीपुढची ट्यूब, वजनं आणि त्याआधीची कामं

दहा मीटर एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका फक्त ०.५ मिमीचा असतो आणि दशांश गुणांत ०.१ म्हणजे ०.२५ मिमी. त्यामुळे नळीच्या पुढं जोडायची ट्यूब आणि वजनं लावून गुण वाढतील, असं वाटणं स्वाभाविक आहे. वाढतातही, पण त्याआधी रायफल आणि पेलेट (शिशाची छोटी गोळी) यांची परीक्षा व्हायला हवी.

रायफल व्हाइसमध्ये (घट्ट पकडणाऱ्या शिकंजात) मऊ पट्टी घालून पक्की बसवा आणि एकाच लॉटच्या, म्हणजे एकाच खेपेत बनलेल्या, दहा पेलेट मारा. भोकांच्या बाहेरच्या कडांपासून मोजलेला ग्रुप, म्हणजे भोकांचा पसारा, ५ ते ६ मिमीत आला तर रायफल ठीक. तो ७ मिमीच्या पुढं गेला तर दुसरा लॉट किंवा ४.४९, ४.५०, ४.५१ असं पेलेटच्या हेडचं (पुढच्या भागाचं) मिमीतलं माप बदलून पाहा. एकाच कंपनीचे दोन डबेही वेगळं वागतात, म्हणून जमलेल्या लॉटचे डबे एकदम घेऊन ठेवा. सगळेच लॉट पसरत असतील तर दस्त्याचे स्क्रू, साइटचे (नेम धरायच्या साधनांचे) क्लॅम्प आणि नळीतलं शिसं तपासा. स्क्रू माहितीपुस्तिकेत दिलेल्या टॉर्कनेच आवळा, अंदाजाने नको.

आता ट्यूब. तिने पेलेटचा वेग वाढत नाही. तिचं काम फोरसाइट (पुढची साइट) आणखी पुढं नेऊन दोन साइटमधलं अंतर वाढवणं. हे अंतर ७०० मिमी असताना फोरसाइट ०.१ मिमी सरकलेली असेल तर दहा मीटरवर चूक सुमारे १.४ मिमी होते, म्हणजे पाच-सहा दशांश गुण. अंतर ८०० केलं की तीच चूक १.२५ मिमी. फायदा आहे, पण जादू नाही. नियमानुसार मेकॅनिझमच्या मागच्या टोकापासून ट्यूबच्या टोकापर्यंतची लांबी ८५० मिमीपेक्षा जास्त चालत नाही, आणि भोकं असलेली ट्यूबही चालत नाही. विकत घ्यायच्या आधी मोजा. तपासणीच्या टेबलावर कळलं तर उशीर झालेला असतो.

ट्यूब बसवताना ती नळीच्या सरळ रेषेत हवी. थोडी जरी तिरकी बसली तर पेलेट आतून घासते. अशा वेळी नऊ शॉट एका जागी पडतात आणि दहावा विनाकारण बाहेर जातो. टॉर्च लावून आत पाहा: एका बाजूला शिशाचा ओरखडा असेल तर क्लॅम्प सैल करून ट्यूब पुन्हा बसवा आणि स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे आवळा. पुढं एअर स्ट्रिपर (पेलेटमागची हवा बाजूला वळवणारा भाग) असेल तर त्याचं तोंडही पुसा.

फोरसाइट पुढं गेली की तिच्यातली, टार्गेट ज्यातून पाहायचं ती रिंग लहान दिसते, हे बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही. डोळ्यापासून ८०० मिमीवर ४.० मिमीची रिंग वापरत असाल तर ९०० मिमीवर ४.५ ची लागेल. काळ्या गोलाभोवती पांढरी जागा स्पष्ट दिसली पाहिजे. रिंग घट्ट झाली की डोळा थकतो आणि ट्रिगरला उशीर होतो. झिरोही (नेम आणि पेलेट पडायची जागा जुळवणं) नव्यानं करावा लागतो आणि पूर्वीच्या क्लिकचा (साइट सरकवायच्या टप्प्यांचा) हिशेब बदलतो: तेवढ्याच सरकण्यासाठी आता जास्त क्लिक लागतात.

वजनांचं म्हणाल तर ५० ग्रॅमपासून सुरुवात करा. पुढं भार आला की नळीचं डोलणं संथ होतं, पण तो डावा हात आणि कंबर यांनाच पेलावा लागतो. रायफलचं एकूण वजन ५.५ किलोपेक्षा जास्त नको. पहिल्या दहा शॉटवर निवाडा करू नका. साठ शॉटची पूर्ण मालिका मारा आणि शेवटच्या वीसकडे पाहा. तिथं ग्रुप खाली उतरू लागला तर वजन जास्त झालंय, काढून टाका.

कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने पॅरिस २०२४ मध्ये कांस्य जिंकलं तो ५० मीटर थ्री पोझिशन (गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून) हा .२२ काडतुसांचा प्रकार. तिथं नळीचं कंपन जुळवायला ट्यूनर (नळीच्या टोकाचं, फिरवून सरकवायचं वजन) वापरतात, कारण प्रत्येक काडतुसाचा वेग थोडा वेगळा असतो. ट्यूनर एका वेळी थोडासाच फिरवा आणि लॉट तोच ठेवा. ग्रुप वर-खाली किती पसरतो ते पाहा. एअर रायफलवर त्याची गरज नाही.

एका दिवशी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा: लॉट, रिंग, वजन, क्लिक.