पिट्युटरीचे रिपोर्ट वाचताना या चुका टाळा

टीएसएच २ आला, म्हणजे थायरॉइड ठीक, असं म्हणून फाइल मिटणाऱ्यांचं काय करावं? टीएसएच थायरॉइडमधून येत नाही. थायरॉइडला कामाला लावणारा हा हार्मोन येतो मेंदूच्या बुडाशी असलेल्या वाटाण्याएवढ्या पिट्युटरी ग्रंथीतून. तीच बिघडली तर टीएसएच नॉर्मल दिसू शकतो आणि फ्री टी-४ (थायरॉइडचा स्वतःचा हार्मोन) खाली जातो. म्हणून दोन्ही सोबतच मागवा. नुसता टीएसएच करून वाचवलेले पैसे पुढं सलाइनमध्ये जातात.

यातली ठरलेली पेशंट म्हणजे बाळंतपणात अंगावरून खूप गेलेली, रक्ताच्या पिशव्या लागलेली बाई. नंतर पान्हा फुटत नाही, पाळी परत येत नाही, काखेतले केस जातात, थंडी सोसत नाही. गरोदरपणात पिट्युटरी वाढलेली असते. रक्तदाब कोसळला की तिचा रक्तपुरवठा तुटतो. हाच शीहान सिंड्रोम. बाई बीडकडची ऊसतोड कामगार असेल, तर गर्भाशय कमी वयातच काढलेलं असू शकतं. मग पाळीचं विचारून काय कळणार? बाळंतपणाचं विचारा. आणि साठीच्या बाईचा एफएसएच (अंडाशयाला चालना देणारा पिट्युटरीचा हार्मोन) ४ असेल तर तो नॉर्मल समजू नका. त्या वयात तो २५ च्या वर हवा.

अशा बाईला वर्षानुवर्षं अशक्तपणाच्या नावाखाली लोहाच्या गोळ्या चालतात. शेवटी कुणीतरी टी-४ बघतो आणि उत्साहात १०० मायक्रोग्रॅम थायरॉक्सिन (म्हणजे टी-४ चीच गोळी) सुरू करतो. काही दिवसांत उलट्या, बीपी खाली, सोडियम ११५ इतका खाली, आणि बाई थेट आयसीयूत. थायरॉक्सिनमुळं कॉर्टिसॉल (ताण सोसायला लागणारा शरीराचा स्वतःचा स्टेरॉइड) लवकर संपतो, आणि तो बनवायला सांगणारा पिट्युटरीचा एसीटीएच नसल्यानं नवा तयार होत नाही. एवढी घाई कशासाठी?

आधी सकाळी ८ चा कॉर्टिसॉल. ३ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली असेल तर कमतरता जवळपास नक्की. पहिल्या एसटीनं लातूर-नांदेडला येऊन अकरा-बाराला दिलेलं रक्त यासाठी चालत नाही. तालुक्यालाच सकाळी सॅम्पल द्या, नाहीतर आदल्या रात्री मुक्काम करा. गुडघ्यासाठी कुणी स्टेरॉइडची गोळी किंवा सुई दिली होती का, हेही खोदून विचारा. त्यानंही आकडा पडतो. आधी हायड्रोकॉर्टिसोन (औषध म्हणून दिलेला कॉर्टिसॉल), दिवसाला १५ ते २० मिलिग्रॅम विभागून, मोठा डोस सकाळी. थायरॉक्सिन त्यानंतर, थोड्या डोसनं. पुढं डोस फ्री टी-४ वर ठरवा, टीएसएच वर नाही. पेशंट उलट्या करत, बीपी पडलेल्या अवस्थेत आली तर रक्त काढून ठेवा आणि रिपोर्टची वाट न बघता १०० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोनची सुई द्या.

प्रोलॅक्टिन (दूध आणणारा पिट्युटरीचा हार्मोन) ४० आला की लगेच एमआरआय लिहू नका. ॲसिडिटीच्या गोळीत डोमपेरिडोन किंवा लेव्होसल्पिराइड आहे का बघा, गरोदरपण आणि थायरॉइड तपासा, मग शांत बसवून पुन्हा रक्त घ्या.

ग्रोथ हार्मोनचा एकटा आकडा निरुपयोगी, त्याच्यामुळं शरीरात तयार होणारा आयजीएफ-१ करा.

केसांसाठीची बायोटिनची गोळी रिपोर्टचे आकडे बिघडवते, म्हणून तपासणीच्या किमान दोन दिवस आधी बंद.