रेशन आणि जनआरोग्य योजनेवरची कात्री : ती कुठे लागते, कशी अडवायची

अर्थसंकल्पाच्या भाषणात ‘रेशन कमी केलं’ असं वाक्य कधी येत नाही. कात्री लागते ती चार ठिकाणी. तरतूदच घटते, तरतूद असते पण निधी वितरित होत नाही, यादीतून नावं गळतात, किंवा रक्कम वर्षानुवर्षं तीच राहते आणि महागाई ती खाऊन टाकते. आपल्याकडे यांपैकी काय झालंय ते न ओळखता दिलेलं निवेदन चुकीच्या टेबलावर धूळ खात पडतं. तरतूद तहसीलदाराच्या हातात नसते आणि ई-केवायसी आमदाराच्या.

सुरुवात इथून करा : हक्क कायद्यावर उभा आहे की नुसत्या शासन निर्णयावर? राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ नुसार अंत्योदय कुटुंबाला महिन्याला ३५ किलो आणि प्राधान्य कुटुंबात माणशी ५ किलो धान्य मिळतं. राज्याच्या तिजोरीत खडखडाट असला तरी हे प्रमाण राज्याला कमी करता येत नाही. धान्य दिलं नाही तर कलम ८ खाली अन्न सुरक्षा भत्ता द्यावा लागतो. हमीभावाच्या सव्वापटीतून रेशनचा दर वजा करून तो काढतात. मात्र त्या महिन्यात आपण दुकानात गेलो होतो, हे दाखवता आलं पाहिजे. म्हणून ‘माल आला नाही’ हे ऐकून तसंच घरी परतू नका. त्याच दिवशी १९६७ वर तक्रार नोंदवा आणि तिचा क्रमांक कार्डाच्या झेरॉक्सवर तारखेसह लिहून ठेवा.

आनंदाचा शिधा, म्हणजे सणाला मिळणारा स्वस्त शिधासंच, याच्या उलट. २०२२ च्या दिवाळीत शासन निर्णयाने सुरू झाला, २०२५ च्या दिवाळीत मिळाला नाही, आणि दाद मागायला कलमच नव्हतं. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनाही शासन निर्णयावरच उभी आहे. २८ जुलै २०२३ च्या निर्णयाने तिची मोफत उपचारांची मर्यादा वर्षाला कुटुंबामागे दीड लाखावरून ५ लाखांवर गेली आणि पांढऱ्या कार्डासह सगळे रेशनकार्डधारक तिच्यात आले. निर्णयाने आलेलं निर्णयानेच जाऊ शकतं. त्यामुळे पहारा इथे जास्त हवा.

मराठवाड्यापुरतं सगळ्यात बोलकं उदाहरण केशरी कार्डवाल्या शेतकऱ्यांचं. २०१५ च्या दुष्काळात मराठवाड्याचे आठही जिल्हे, अमरावती विभाग आणि वर्धा अशा १४ जिल्ह्यांत त्यांना माणशी ५ किलो धान्य सुरू झालं, गहू २ रुपये आणि तांदूळ ३ रुपये किलोने. २०२३ पासून धान्याऐवजी खात्यात माणशी महिना १५० रुपये येऊ लागले, पुढे ते १७० झाले. १७० भागिले ५ म्हणजे किलोला ३४ रुपये. आठवडी बाजारातून गहू आणि तांदूळ आणा, पक्की बिलं घ्या, दर महिन्याला तेच वाण आणि तीच तारीख ठेवा. अशी सहा महिन्यांची बिलं जोडली की ‘रक्कम बाजारभावाला बांधा’ ही मागणी कागदावर उभी राहते. नुसतं ‘महागाई वाढली’ म्हटलं तर कुणी मान वर करून बघत नाही. आधार शेवटचं ज्या खात्याला जोडलं तिथेच हे पैसे जातात, हेही आधी तपासा. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात आणि खऱ्या थकबाकीचा आकडा स्वच्छ होतो.

यादीची गळती हा वेगळा रोग. जुलै २०२५ च्या केंद्राच्या आदेशानुसार सहा महिने धान्य न उचललेलं कार्ड तात्पुरतं बंद होतं, मग घरी जाऊन पडताळणी. आता ऊसतोडीचा हंगाम आठवा. बीड, धाराशिव, जालन्याच्या टोळ्या दिवाळीच्या आसपास निघतात आणि पट्टा पडल्यावरच, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावरच, परततात. हे सहा महिने तसेच गेले तर कार्ड बिनउचल ठरतं. उपाय सोपा आहे, पण तो निघण्याआधी करावा लागतो : कार्डावरच्या प्रत्येकाची ई-केवायसी गावातल्या दुकानातच उरका, बारा अंकी आरसी (रेशनकार्ड) नंबर फोनमध्ये आणि कागदावर दोन्हीकडे ठेवा, आणि कारखान्याच्या गावात गेल्यावर तिथल्या रेशन दुकानात अंगठा देऊन आपल्या वाट्याचं उचला. ‘एक देश एक रेशनकार्ड’मुळे सांगली-कोल्हापुरात काय, कर्नाटकातही ते मिळतं. घरी राहिलेली म्हातारी माणसं उरलेला वाटा गावात घेऊ शकतात. अंगठ्याच्या रेषा कोयत्याने घासून गेल्या असतील तर मशीन नाकारतं. तेव्हा डोळ्यांच्या स्कॅनरचा आग्रह धरा, आणि गावी परतल्यावर आधार केंद्रात बोटांचे ठसे पुन्हा द्या. मूल पाच वर्षांचं झालं की वर्षभरात त्याचीही ई-केवायसी व्हावी लागते. हे बहुतेक घरांत राहून जातं.

नावं गळली की तालुक्याचा इष्टांक, म्हणजे लाभार्थ्यांचा ठरवून दिलेला कोटा, मोकळा होतो. कायद्याखाली महाराष्ट्राला ७ कोटी १६ हजार लाभार्थ्यांची मर्यादा आहे, तीही २०११ च्या जनगणनेवर. मोकळी जागा रिकामी ठेवली तर तीही कपातच. म्हणून वगळलेल्यांसाठी भांडताना त्याच अर्जात विचारा की रिक्त इष्टांकात नवे किती घेतले. ग्रामीण भागात वर्षाला ४४ हजार आणि शहरात ५९ हजार उत्पन्नाच्या आतली कुटुंबं प्राधान्य यादीला पात्र असतात. त्यांची प्रतीक्षा यादी ग्रामसभेत वाचायला लावा आणि ठरावात नावानिशी घ्या.

आता आकड्यांकडे. अर्थसंकल्पाच्या पुस्तकांत प्रत्येक विभागाच्या मागणीला, म्हणजे खर्चासाठी सभागृहाकडे मागितलेल्या रकमेला, इंग्रजी अक्षर असतं : अन्न व नागरी पुरवठा ‘एम’, सार्वजनिक आरोग्य ‘आर’, वैद्यकीय शिक्षण ‘एस’. योजनेच्या ओळीत चार आकडे बघा : आधीच्या वर्षीचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाची मूळ तरतूद, चालू वर्षाचा सुधारित अंदाज, पुढच्या वर्षाचा अंदाज. लोक पहिल्या पानावरचा पुढच्या वर्षाचा आकडा बघून खूश होतात. सुधारित अंदाज मूळ तरतुदीपेक्षा खाली आला असेल तर कात्री वर्षाच्या मध्येच लागून गेलेली असते. तरतूद किती, वितरित किती, खर्च किती, हे वित्त विभागाच्या ‘बीम्स’ संकेतस्थळावर दिसतं. डिसेंबर उजाडला तरी वितरण निम्म्याच्या खाली असेल, तर तोच मुद्दा पकडा.

इथे एक हमखास चूक होते. छत्रपती संभाजीनगरचं घाटी रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाचं, जिल्हा रुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाचं, आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषद चालवते. १५ ऑगस्ट २०२३ पासूनचे मोफत उपचार सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांसाठी आहेत. घाटीतल्या औषध तुटवड्याबद्दल आरोग्य मंत्र्यांना पत्र लिहिलं तर ते ‘संबंधित विभागाकडे’ म्हणून महिनाभर फिरत बसतं.

तालुक्याचे आकडे माहिती अधिकारातून काढा. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, मजकूर १५० शब्दांच्या आत. ही मर्यादा पाळा. मजकूर एवढा पुरतो :

‘गेल्या आर्थिक वर्षात आपल्या तालुक्यात शेतकरी थेट रोख योजनेसाठी (१) पात्र लाभार्थी किती, (२) महिनावार किती लाभार्थ्यांच्या खात्यात रक्कम जमा झाली, (३) निधी मिळाल्याची तारीख व रक्कम काय, (४) किती महिन्यांची रक्कम थकीत आहे, याच्या अभिलेखाच्या प्रती द्याव्यात.’

‘का’ विचारू नका. कारण ही माहिती नव्हे, असं उत्तर येतं आणि तीस दिवस वाया जातात.

जनआरोग्य योजनेत रुग्णालयांची बिलं थकली की ती रुग्णाला हळूच बाजूला सारतात : ‘पॅकेज बंद आहे’, ‘खाट नाही’, ‘आधी डिपॉझिट भरा’. रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या मदतनीसाकडे, म्हणजे आरोग्यमित्राकडे, जाऊन नकार लेखी मागा. देत नसेल तर रुग्ण दाखल असतानाच १५५३८८ वर फोन लावा. डिस्चार्जनंतरची तक्रार लंगडी पडते. पैसे भरावेच लागले तर पावतीशिवाय भरू नका. अशा दहा-बारा पावत्या आणि तक्रार क्रमांक गोळा झाले की एका कुटुंबाचं दुखणं जिल्ह्याचा प्रश्न होतो.

हे सगळं एका पानावर आणून आमदाराला द्या. मराठवाड्याचे ४६ आमदार आहेत, पण अधिवेशन सुरू झाल्यावर निवेदन घेऊन विधानभवनापाशी जाणारे उशिरा पोहोचलेले असतात. तारांकित प्रश्नाची सूचना कित्येक आठवडे आधी द्यावी लागते. विभाग पुढच्या वर्षाचे अंदाज पावसाळा संपता संपता बांधायला घेतात. दसऱ्याआधी पान हातात हवं. डिसेंबरच्या नागपूर अधिवेशनात पुरवणी मागण्यांवर (वर्षाच्या मध्ये मागितलेल्या जादा निधीवर) बोलायला लावा. मार्चमध्ये विभागाच्या मागणीवर शंभर रुपयांची कपात सूचना देता येते. गंमत म्हणजे कपात रोखायला वापरायचं हत्यार हेच. शंभर रुपये नाममात्र असतात; मंत्र्याला त्या योजनेवर बोलायला लावणं हा हेतू. ती बहुधा विरोधी बाकांवरून येते. सत्ताधारी आमदाराकडे लक्षवेधी सूचना मागा, तिच्यावरही मंत्र्याला सभागृहात उत्तर द्यावं लागतं. वेळ संपली की उरलेल्या मागण्या चर्चेविना मतास टाकतात, म्हणून आपला विभाग चर्चेच्या यादीत कितवा आहे ते आधीच विचारून घ्या.

प्राथमिक आरोग्य केंद्राच्या औषधांसाठी जिल्हा नियोजन समितीकडे वेगळं पान जावं. तिथला आराखडा जानेवारीच्या आसपास ठरतो आणि न वापरलेला पैसा फेब्रुवारीत दुसरीकडे वळवतात. तालुका आरोग्य अधिकाऱ्याकडून संपलेल्या औषधांची यादी तारखेसह, सही-शिक्क्याची घ्या आणि ती पालकमंत्र्यांच्या कार्यालयात देऊन पोच घ्या. पोच नसलेला कागद दिलाच नाही असं धरतात.