अमर्याद पगारी रजेचा नियम कार्यालयात कसा आणावा

नाशिकमधल्या गंगापूर रोडवरच्या एखाद्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीला ‘हवी तेवढी पगारी रजा घ्या’ असे जाहीर करायचे असेल, तर तिने आधी रजेची जुनी वही उघडावी. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार, तो लागू असलेल्या ठिकाणी कामगाराला वर्षाला ८ नैमित्तिक रजा मिळतात. वर्षात किमान २४० दिवस काम केल्यास दर २० दिवसांमागे एक पगारी रजा मिळते आणि ती ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. नवा नियम हा हक्क पुसू शकत नाही. त्यामुळे कायद्याच्या रजेचा हिशेब स्वतंत्र ठेवावा आणि आजवरच्या शिलकीचे काय होणार, हे प्रत्येकाला लेखी कळवावे.

खरी अडचण पुढे येते. मर्यादा काढली की ‘किती रजा घेतली तर शोभेल’ हे कोणालाच कळत नाही आणि प्रामाणिक माणूस सर्वांत कमी रजा घेतो. अमेरिकेतील किकस्टार्टर कंपनीने याच कारणाने २०१५ मध्ये अमर्याद रजा बंद करून वर्षाला २५ दिवस ठरवून दिले. म्हणून नियमात किमान आकडा लिहावाच: ‘प्रत्येकाने वर्षात निदान २० दिवस रजा घेतलीच पाहिजे, त्यांपैकी ५ दिवस सलग.’ माझ्या मते ही ओळ ‘अमर्याद’ या शब्दापेक्षा मोलाची आहे. दर तिमाहीला वही पाहून ज्याची रजा कमी भरते, त्याला व्यवस्थापकाने स्वतः विचारावे. आणि व्यवस्थापकाने आधी स्वतः रजेवर जावे, कारण साहेब खुर्चीवर बसून असले की अर्ज टेबलापर्यंत येत नाहीत.

मंजुरीची रीतही स्पष्ट असावी. तीन दिवसांपेक्षा मोठ्या रजेसाठी पंधरा दिवस आधी कळवावे, काम कोणाकडे सोपवले ते अर्जात लिहावे आणि नकार द्यायचा झाल्यास त्याचे कारण लेखी द्यावे. आपल्याकडे दिंडोरी-निफाडकडच्या मुलांना ऑक्टोबरच्या द्राक्षछाटणीला घरी जावे लागते, तर चैत्रात अनेकांना सप्तशृंगगडाची यात्रा असते. अशा तारखा आधीच माहीत असतात, तेव्हा वर्षारंभीच सर्वांनी त्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून टाकाव्यात. ‘सर, दोन दिवस मिळतील का?’ असा रात्री अकराचा संकोचलेला संदेश मग कोणाला पाठवावा लागत नाही. आजारपण आणि प्रसूतीची रजा मात्र या नियमात मिसळू नये. त्यांची नोंद वेगळीच ठेवावी.