स्टेनलेसला हॉपकिन्सन बारवर मारताय? मग या चुका टाळा

नांदेड असो, लातूर असो नाहीतर आमचं संभाजीनगर, एम.टेक.ची लेकरं मार्चपर्यंत निवांत असतात आणि एप्रिलच्या उन्हात येऊन म्हणतात, सर दोन दिवसात सगळे सँपल मारून द्या. मारून देतो, त्याला काय लागतंय. हॉपकिन्सन बार म्हणजे धातू झटक्यात दाबून बघायचं यंत्र, गॅस गनमधून स्ट्रायकर (धडकणारा छोटा रॉड) सोडला की दोन लांब बारच्या मधे ठेवलेलं सँपल दाबलं जातंच आणि स्क्रीनवर ग्राफ पण येतोच. खरी अडचण तीच आहे. काहीही चुकलं तरी ग्राफ येतो, आणि छान दिसतो.

सगळ्यात जास्त डोकं फिरवणारी चूक आधी सांगतो. एक पोरगं ३०४ चं (नेहमीच्या स्टेनलेसचं) सँपल घेऊन आलं होतं, ८ मिमी व्यास, ६ मिमी उंची. मारलं. बारवर चिकटवलेल्या गेजच्या सिग्नलवरून स्ट्रेन (म्हणजे किती दबलं ते) निघाला १७ टक्के. व्हर्नियर लावलं तर उंची राहिली ४.४ मिमी, म्हणजे जवळपास २७ टक्के दबलेलं. आता इथं कुणीही थांबून विचार करेल की बाबा हे दहा टक्के आले कुठून. यानं काय केलं, रात्री बसून एक्सेलमधला गेज फॅक्टर (गेजच्या सिग्नलचा स्ट्रेन करायचा आकडा) २.१ चा १.३ केला. स्ट्रेन जुळला! पण त्याच आकड्यावर स्ट्रेस पण चालतो ना राव, तो पण दीडपटीच्या वर गेला, ८०० एमपीएचा जवळपास तेराशे. आणि सकाळी खुशीत मला दाखवायला, सर बघा ना, रेट इफेक्ट (वेगात दाबल्यानं वाढलेली ताकद) किती भारी यायलाय.

गेज बिचारं बरोबर होतं. ते दहा टक्के दुसऱ्या दणक्याचे होते. पहिली लाट सँपलपाशी येते, थोडी पुढं जाते, बाकीची परत फिरते, बारच्या मागच्या टोकाला आपटते आणि पुन्हा सँपलवर येते. स्टीलच्या बारमधे लाटेचा वेग साधारण ५००० मीटर प्रति सेकंद, बार दीड मीटरचा, म्हणजे जेमतेम ०.६ मिलिसेकंदात दुसरा फटका, मग तिसरा. तुम्ही ग्राफ काढता फक्त पहिल्याचा, पण हातातला तुकडा सगळे फटके खाल्लेला असतो. नुसता ग्राफच पाहिजे असेल तर एक वेळ चालेल. पण त्याच तुकड्याला कापून, पॉलिश करून 'एवढ्या रेटला एवढं मार्टेन्साइट (स्टीलचं कडक रूप) झालं' असं लिहिणार असाल तर ते साफ खोटं आहे. मोमेंटम ट्रॅप (परत येणारी लाट अडवायची सोय) लावा. नसेल तर सँपलभोवती कडक केलेली स्टॉपर रिंग बसवा, ६ च्या सँपलला ५ मिमीची, म्हणजे त्याच्या पुढं ते दबणारच नाही. अन् गेजवर शंका आली तर माझी सवय अशी की आधी स्ट्रायकरचा वेग बघायचा. वेग भागिले दोन सी, सी म्हणजे बारमधल्या लाटेचा वेग. स्ट्रायकर १५ मीटर प्रति सेकंदानं आला तर इन्सिडंट बारमधे (स्ट्रायकर आपटतो त्या) १५०० मायक्रोस्ट्रेनच्या (स्ट्रेनचा दहा लाखावा भाग) आसपास दिसलंच पाहिजे (दोन्ही बार आणि स्ट्रायकर एकाच जातीचे अन् जाडीचे असतील तर). १.३ घातलं की २४०० दिसतात. एवढं एक ओळीचं गणित मांडलं असतं तर रात्रीची झोप तरी झाली असती.

दुसरं दुखणं म्हणजे जॉन्सन-कुक, स्ट्रेन, रेट आणि तापमानावरून स्ट्रेस सांगणारं सूत्र. १९८३ चं मॉडेल आहे, चांगलं आहे, पण लोकं यूटीएमवर (हळू ओढणाऱ्या-दाबणाऱ्या साध्या मशीनवर) ०.००१ च्या रेटला एक कर्व्ह काढतात, कुठल्या तरी पेपरातून रेटचा स्थिरांक सी (लाटेचा वेग नव्हे) उचलतात आणि सिम्युलेशन पळवायला लागतात. ३०४ ला हे चालत नाही, कारण ते स्टील मार खाता खाता बदलतं. हळू ओढलं किंवा दाबलं की त्यातला ऑस्टेनाइट (३०४ चं मूळचं रूप) थोडा थोडा मार्टेन्साइट होत जातो आणि स्टील कडक होत जातं. जोरात मारलं की उष्णतेला बाहेर जायला वेळच मिळत नाही. हिशोब करून बघा, सरासरी १००० एमपीए आणि ०.३ स्ट्रेन, त्यातली नव्वद टक्के ऊर्जा उष्णतेत गेली तर सँपल ६५-७० डिग्रीनं तापतं. मार्टेन्साइटला गरमी सोसत नाही, ते कमी होतं. म्हणून हाय रेटचा कर्व्ह सुरुवातीला वर असतो आणि पुढं जाऊन हळू टेस्टचा कर्व्ह त्याला कापून वर निघतो. जॉन्सन-कुकमधे रेटचा भाग नुसता गुणाकारात आहे, त्यातनं एवढी कापाकापी निघत नाही, तापमानाच्या टर्मला पण मार्टेन्साइट काय ते माहीत नाही. तरी कर्व्ह क्रॉस झाला की पोरं म्हणतात डेटा खराब आला, आणि तेवढं सँपलच उडवून टाकतात! अरे तोच तर तुझा थीसिस होता.

बाकीच्या भराभर सांगतो.

भंगारवाल्याकडून '३०४ च आहे सर' म्हणून रॉड आणू नका. २०० सिरीजचा मँगनीजवाला माल पण तसाच चकाकतो आणि त्याला पण मॅग्नेट चिकटत नाही. उलट खरं ३०४ थंड ओढलेलं असेल तर मॅग्नेटला थोडं चिकटतं, म्हणून मॅग्नेट खिशात ठेवून फिरणाऱ्यांवर माझा भरोसा नाही. वाळूजमधे केमिकल टेस्ट करून मिळते, करून घ्या, हीट नंबर (स्टीलच्या त्या ओतणीचा नंबर) लिहून ठेवा.

वायरकटवरून आलेलं सँपल तसंच लावू नका, दोन्ही तोंडं लॅप करून समांतर करा. ग्रीस लावा, पण पातळ थर, आमच्याकडं मे महिन्यात असंही ते वितळूनच येतं.

त्या ग्राफवरून यंग्ज मॉड्युलस काढू नका. सुरुवातीला सँपलच्या दोन्ही तोंडांवरचा स्ट्रेस सारखा झालेलाच नसतो, लाटेला तीन-चार चकरा मारू द्या. पल्स शेपर (लाट हळूहळू चढवणारा) म्हणून तांब्याची छोटी चकती लावायला पाच मिनिटं लागतात, तेवढा पण धीर नसेल तर या फंदात पडू नका.

पॉलिश पेपरवर दाबून घासलं की वरच्या थरात मार्टेन्साइट तुम्हीच तयार करता. शेवटी इलेक्ट्रोपॉलिश (न घासता, विजेनं पॉलिश) करा.

आता तुटण्याचं. 'जोरात मारलं म्हणजे काचेसारखं तुटलं' हे ३०४ च्या रिपोर्टमधे वाचलं की मी पुढचं पान उघडत नाही. हे एफसीसी (फेस-सेंटर्ड क्यूबिक रचनेचं) स्टील आहे, वेगात ओढलं तरी ते मान पाडून (मधे बारीक होऊन), खळगे खळगे पडूनच तुटतं, सेममधे (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमधे) तेच खळगे, म्हणजे डिंपल, दिसतात. ४३० सारखं फेरिटिक असेल, त्याला खाच असेल, थंडी असेल, तर मग ठिसूळपणाचं बोला. अन् दाबाच्या टेस्टमधे ३०४ तुटलंच नाही म्हणून रडू नका, ते ढोलासारखं फुगतं, तुटत नाही सहसा. शिअर बँड (घसरलेला अरुंद पट्टा) बघायचा असेल तर टोपीच्या आकाराचं सँपल करून घ्या, साध्या सिलिंडरकडून ती अपेक्षा नको.

आणि तुटलेले दोन तुकडे हातात आले की ते एकमेकांवर घासून जुळतात का बघायची खोड सगळ्यांनाच असते. घासलं की डिंपल गेले. बोट पण लावायचं नाही, अॅसिटोनमधे अल्ट्रासॉनिकला धुवायचं, दोन्ही तुकडे वेगवेगळ्या डबीत, डबीवर हीट नंबर, रेट आणि तारीख. नुसतं 'सँपल ३' लिहिलेली डबी मी सेमला पाठवत नाही, मग कुणाचा व्हायवा उद्या असो की परवा.