जन्मजात हृदयदोष असलेल्या प्रौढांनी रक्ताचे रिपोर्ट कसे वाचावेत

लहानपणी शस्त्रक्रिया झाली म्हणजे हृदयाचे दुखणे कायमचे मिटले, असा समज अनेक घरांत असतो आणि मोठेपणी तपासण्या थांबतात. मात्र फॅलोट टेट्रालॉजीची (हृदयातील चार जन्मजात दोष एकत्र असलेल्या विकाराची) शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये झडपेची गळती वर्षानुवर्षे फारशा लक्षणांवाचून वाढत राहू शकते.

ताण पडलेल्या हृदयस्नायूंतून रक्तात येणारे एनटी-प्रोबीएनपी हे द्रव्य प्रकृती स्थिर असताना एकदा मोजून घ्यावे आणि तो आकडा तारखेसह फाईलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा. रिपोर्टवर छापलेल्या मर्यादेपेक्षा स्वतःच्या मागच्या आकड्याशी केलेली तुलना, माझ्या मते, अधिक बोलकी असते. वाढते वय, मूत्रपिंडाचा विकार आणि अनियमित ठोके यांमुळे हा आकडा वाढतो, तर लठ्ठपणात तो कमी येतो. फाँटन शस्त्रक्रिया (हृदयाचा एकच खालचा कप्पा नीट काम करत असल्यास केली जाणारी) झालेल्यांत तो कमी असूनही प्रकृती ढासळलेली असू शकते. बीएनपी ही वेगळी तपासणी असल्याने तिच्या आकड्याशी याची तुलना करू नये.

ज्यांचे ओठ व नखे निळसर असतात, त्यांचा रिपोर्ट विशेष काळजीने वाचावा. हिमोग्लोबिन १९ असले की त्यापुढे ‘जास्त’ अशी खूण येते आणि कुणीतरी रक्त काढून टाकण्याचा सल्ला देते. वास्तविक ऑक्सिजनची कमतरता भरून काढण्यासाठी शरीराने केलेली ती सोय असते. वारंवार रक्त काढल्याने लोह कमी होते आणि पक्षाघाताचा धोका वाढू शकतो. म्हणून हिमोग्लोबिन भरपूर दिसत असले तरी फेरिटिन व ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन या लोहाच्या तपासण्या करून घ्याव्यात. रक्त काढण्याचा निर्णय, डोकेदुखी किंवा अंधूक दिसणे यांसारखा त्रास असेल तेव्हाच आणि शरीरातील पाणी व लोह कमी नसल्याची खात्री झाल्यावर, या विकारातील तज्ज्ञांनीच घ्यावा.

अशा रुग्णाला वॉरफरिन (रक्त गोठू न देणारी गोळी) चालू असल्यास आयएनआरसाठी, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो हे पाहणाऱ्या तपासणीसाठी, रक्त देण्यापूर्वी लॅबला आपला हिमॅटोक्रिट (रक्तातील लाल पेशींचे टक्केवारीतील प्रमाण) आवर्जून सांगावा. त्यासाठीच्या निळ्या बुचाच्या नळीत सायट्रेट हे रक्त गोठू न देणारे रसायन आधीच भरलेले असते. हिमॅटोक्रिट ५५ टक्क्यांहून अधिक असेल तर प्लाझ्मा (रक्तातील द्रव भाग) कमी असल्याने तेच सायट्रेट जास्त ठरते आणि आयएनआर खोटा वाढलेला येतो. त्यावर विसंबून गोळी कमी केली तर गुठळी होण्याचा धोका उद्भवतो, म्हणून सायट्रेटचे प्रमाण कमी केलेली नळी मागावी.

कोलेस्टेरॉल व साखर इतरांप्रमाणेच तपासावी. महाधमनी (हृदयातून शरीराला रक्त नेणारी मुख्य रक्तवाहिनी) जन्मतः आकुंचित असलेल्यांनी त्यासोबत उजव्या दंडावर रक्तदाबही मोजून घ्यावा, कारण दुरुस्तीनंतरही त्यांचा रक्तदाब वाढू शकतो.