सकाळ कोविलची, दुपार मातेची: ग्वाल्हेरहून नागपट्टिनम कसं करायचं

आपल्याकडे दक्षिणयात्रा म्हटली की रामेश्वर, मदुराई, कन्याकुमारी, झालं. तमिळनाडूच्या किनाऱ्यावरचं नागपट्टिनम कुणाच्या यादीत नसतंच. आम्ही तिघी, मी, आई आणि मावशी, फेब्रुवारीत जाऊन आलो कारण मावशीचा तिथून जवळच्या वेलंकणीच्या मातेला, म्हणजे चर्चमधल्या मेरीला, नवस होता (हो, कांदा-लसूण न खाणारी मावशी, ऑफिसातल्या केरळी मैत्रिणीनं सांगितलं आणि हिनं बोलून टाकला), आणि तेव्हापासून ग्वाल्हेरात बाड्यावर जो भेटतो तो विचारतो कसं गेलात, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

आधी गाडी. तमिळनाडू एक्सप्रेस ग्वाल्हेरला थांबते, चेन्नईपर्यंत बदलायची भानगड नाही, पण ती येते रात्री बारानंतर, म्हणजे शनिवारी जेवून निघायचं असेल तर तिकीट रविवारच्या तारखेचं हवं. हसू नका, आमच्या ओळखीतलं एक अख्खं कुटुंब डबे-पिशव्या घेऊन बरोब्बर चोवीस तास उशिरा प्लॅटफॉर्मवर उभं होतं. गजक बरोबर घ्या, दोन रात्री काढायच्यात. चेन्नई सेंट्रलला सकाळी उतरलात की नागपट्टिनमची गाडी सेंट्रलवरून नाही मिळत. कारैक्कालला जाणारी रात्रीची गाडी पकडायची, ती नागपट्टिनमला थांबते, आणि ती एग्मोरहून आहे की तांबरमहून हे तिकिटावर नीट वाचा. बसनं जायचं तर किलांबाक्कमच्या नव्या स्टँडवरून, कोणी कोयंबेडू सांगितलं तर ती जुनी माहिती. विमानवाल्यांनी तिरुची गाठावं, तिथून टॅक्सी. वेलंकणीलाही २०१० पासून रेल्वे स्टेशन आहे पण गाड्या मोजक्या.

आता मुख्य मुद्दा, जो आम्हाला पहिल्या दिवशी फुकट घालवून कळला. तिकडची देवळं (तमिळमध्ये कोविल) दुपारी बाराच्या आसपास बंद होतात ती चारनंतरच उघडतात. आम्ही आरामात इडली-बिडली खाऊन साडेबाराला सिक्कलच्या देवळाच्या दारात, दार बंद, ऊन रणरणतंय, आई पायरीवर बसलेली आणि मावशीचं तोंड एवढंसं. वेलंकणीचं चर्च मात्र दुपारभर उघडं असतं. म्हणून सकाळी सहा-साडेसहापासून देवळं, दुपारी माता, संध्याकाळी परत एखादं देऊळ, असं लावा. मुक्काम नागपट्टिनमला ठेवा, वेलंकणी तिथून दहा-बारा किलोमीटर, बसेस सारख्या. वेलंकणीत चर्चच्याही लॉज आहेत पण आधी बुक करावं लागतं.

जुन्या पुस्तकांत वैदीश्वरन कोविल हे देऊळ आणि तरंगंबाडी हे गाव नागपट्टिनम जिल्ह्यात दाखवतात, तर २०२० मध्ये मयिलाडुतुरै जिल्हा वेगळा झाला आणि ते दोन्ही तिकडे गेलं. एकाच दिवसात सगळं कोंबू नका.

गावातच कायारोहणस्वामींचं शंकराचं देऊळ आहे, पण लोक जातात देवीसाठी, नीलायदाक्षी, निळ्या लांब डोळ्यांची. इथे एक कामाची गोष्ट सांगते. अर्चनेचं, म्हणजे आपल्या नावानं पूजेचं, तिकीट काढलं की पुजारी नाव आणि नक्षत्र विचारतात, आणि नक्षत्रांची नावं तिकडे वेगळी. आईनं तीनदा "आर्द्रा" सांगितलं, पुजारी नुसते बघतायत, शेवटी मागच्या बाई म्हणाल्या "तिरुवादिरै!" आणि सगळ्यांचे चेहरे उजळले. श्रवण म्हणजे तिरुवोणम, ज्येष्ठा म्हणजे केट्टै, कृत्तिका म्हणजे कार्तिगै. घरातल्या सगळ्यांची चिठ्ठी करून न्या. विभूती उजव्या हातात घ्यायची, उरलेली खांबावर पुसायची नाही, कागदात बांधायची. सौंदरराज पेरुमाळचं देऊळही गावातच, विष्णूच्या १०८ दिव्यदेशांपैकी एक, तिथे विभूती नाही, तीर्थ मिळतं आणि डोक्यावर शठारी, म्हणजे देवाच्या पादुका असलेला मुकुट, ठेवतात, तेव्हा मान झुकवायची, मावशी वर बघत राहिली होती.

या गावचे एक संत मला फार आवडले, अदिपत्तर, ६३ नायन्मारांपैकी, म्हणजे तमिळ शिवभक्त संतांपैकी, जातीनं कोळी. जाळ्यातला सगळ्यात चांगला मासा ते शंकरासाठी समुद्रात परत सोडायचे. मग दिवसच असे आले की जाळ्यात एकच मासा यायचा, तोही सोडायचे, घरात उपास. आणि एक दिवस सोन्याचा मासा आला तर तोही सोडला. बंदरावर बोटी बघताना ही गोष्ट आठवली की वेगळंच वाटतं.

सिक्कल पाचेक किलोमीटरवर, तिरुवारूरच्या रस्त्याला. वसिष्ठांनी लोण्याचं शिवलिंग केलं, पूजा झाल्यावर उचलायला गेले तर ते चिकटून बसलं, म्हणून गावाचं नाव सिक्कल. तमिळमध्ये सिक्कल म्हणजे गुंता, अडचण, त्यामुळे रिक्षावाल्याला नुसतं "सिक्कल सिक्कल" म्हणू नका, "सिक्कल कोविल" म्हणा. इथल्या मुरुगननं, म्हणजे आपल्या कार्तिकस्वामीनं, आईकडून वेल म्हणजे भाला घेतला आणि तिरुचेंदूरला जाऊन शूरपद्म राक्षसाला मारलं. स्कंदषष्ठीला वेल घेताना मूर्तीला घाम येतो अशी श्रद्धा आहे, पुजारी तो रेशमी वस्त्रानं टिपत राहतात. आपल्याकडे कार्तिकस्वामीचं दर्शन बायका घेत नाहीत, आई दारात घुटमळली, पण तिकडे असलं काही नाही, बिनधास्त जा. देवीचं नाव वेलनेडुंकण्णी, भाल्यासारख्या लांब डोळ्यांची. वेलंकणी नावाशी किती जवळचं आहे बघा.

वेलंकणीला तमिळ लोक सरळ "माता कोविल" म्हणतात. माता साडी नेसलेली आहे, लोक तिला साड्याच वाहतात, भगवे कपडे घालून चालत येतात, मुंडण करतात, आपल्याला परकं वाटतच नाही. गोष्टी तीन: दूध घेऊन चाललेल्या पोराकडे एका बाईनं बाळासाठी दूध मागितलं आणि नंतर हंडी पुन्हा भरलेली निघाली, ताक विकणारा पांगळा मुलगा चालायला लागला, आणि वादळातून वाचलेल्या पोर्तुगीज खलाशांनी देऊळ बांधलं. १९६२ मध्ये पोपनी बॅसिलिकाचा दर्जा दिला. जुन्या चर्चकडून मातेच्या तळ्याकडे वाळूची वाट आहे, तिच्यावर लोक गुडघ्यांनी चालतात, मावशीनं हाच नवस बोलला होता, वय ६४. दुपारी वाळू तापते, सकाळी नाहीतर उन्हं उतरल्यावर करा. मेणबत्त्या आणि नारळाची रोपं वाहतात, बरं झालेल्या अवयवाचा चांदीचा पत्रा वाहतात, वांद्र्याच्या मोत मावलीला मेणाचे वाहतात ना, तसंच.

एक सांभाळा. मिसा, म्हणजे चर्चमधली मुख्य प्रार्थना, चालू असताना शेवटी लोक रांगेनं जाऊन पांढरी चकती घेतात, तो प्रसाद नाही, ते फक्त बाप्तिस्मा झालेल्या कॅथलिकांसाठी असतं. मावशी पदर सावरून रांगेत लागलीच होती, मी ओढून आणली. मागे बसून राहिलात तर कोणी काही म्हणत नाही.

वेलंकणीला २९ ऑगस्टला झेंडा चढतो, ८ सप्टेंबरला मोठा सण, त्या दिवसांत मराठीतही मिसा असते पण गर्दी अफाट, म्हातारी माणसं बरोबर असतील तर नको. ऑक्टोबर ते डिसेंबर तिकडचा पावसाळा, चक्रीवादळंही तेव्हाच, २०१८ चं गाजा याच किनाऱ्यावर आलं. समुद्रात पाय बुडवा, आत जाऊ नका, २००४ च्या त्सुनामीत इथे खूप यात्रेकरू गेले.

वेळ असेल तर वेदारण्यम, नागपट्टिनमपासून साधारण ५० किलोमीटर. तिथल्या देवळाचं वेदांनी बंद केलेलं दार अप्पर या शैव संतांना बरीच पदं गाऊन उघडावं लागलं आणि दुसरे संत संबंदर यांनी ते एकाच पदात लावून टाकलं. इथल्या सरस्वतीच्या हातात वीणा नाही, कारण इथल्या पार्वतीचा आवाजच वीणेपेक्षा गोड. मिठाच्या सत्याग्रहात राजाजींनी १९३० मध्ये मीठ उचललं तेही इथेच.

आणि नागूर दर्गा चुकवू नका, नागपट्टिनमला लागूनच आहे. तिथला सगळ्यात उंच मिनार, १३१ फुटांचा, तंजावरच्या प्रतापसिंह भोसल्यांनी बांधला. मावशी म्हणाली त्यात काय नवल, आपल्या ग्वाल्हेरच्या गोरखीत शिंद्यांच्या देवघरात मन्सूरशहा बाबा नाहीत का.

येताना कारैक्काल बाजूला तिरुनल्लार, शनीचं, शनिवार सोडून जा, आपल्या ग्वाल्हेरजवळच्या ऐंतीच्या शनिचराला, म्हणजे शनिमंदिराला, जी गर्दी असते तीच समजा. परतीची गाडीही ग्वाल्हेरला अपरात्रीच पोचते, झाशी गेली की उठून बसा आणि नारळाचं रोप आणलं असेल तर बर्थखालून आधी तेच काढा, आमचं विसरता विसरता राहिलं.