समुपदेशन शिकताय? या चुका टाळा

लातूर-बीडकडच्या शिकाऊ समुपदेशकांची सत्रं मी शेजारी बसून पाहते. मार्क चांगले असतात, बोलणं गोड असतं. धीर तेवढा नसतो.

सल्ल्याची घाई ही सगळ्यात वाईट खोड. एक शेतकरी बाई आल्या. "झोपच लागंना ताई." आमच्या विद्यार्थिनीनं लगेच यादी सुरू केली: मोबाईल लांब ठेवा, संध्याकाळनंतर चहा नको, रोज एकाच वेळी झोपा. बाई प्रत्येकाला "बरं ताई" म्हणत गेल्या. विद्यार्थिनी खूश! उठता उठता बाई बोलल्या, "लाईट रातची असती. पिकाला पाण्याची दारं धराया जावं लागतं. त्याच हिरीवर." 'त्याच' म्हणजे कोणत्या, हे हिला विचारावंसं वाटलं नाही. मी विचारलं. बाईंच्या नवऱ्यानं त्याच विहिरीत जीव दिला होता.

कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९५७ मध्ये समुपदेशकाकडून मागितलेल्या तीन गोष्टी सगळ्यांना पाठ असतात: समानुभूती, विनाअट स्वीकार, आतबाहेर एकच असणं. त्यात हुशारी कुठंच नाही. तरी पोरं हुशारीच दाखवायला बसतात. माझी सवय सांगते. सल्ला जिभेवर आला की पाण्याचा घोट घ्यायचा आणि तो लवकर गिळायचा नाही. तेवढ्यात समोरचं माणूस पुढचं बोलतं, आणि बऱ्याचदा ते त्यासाठीच आलेलं असतं.

"मला कळतंय" म्हणू नका. काय कळलं ते सांगा, चुकलं तर त्यांना दुरुस्त करू द्या.

"जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का?" हे विचारायला घाबरू नका. विचारल्यानं तो विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही. उत्तर 'हो' आलं तर एकट्यानं निभावायची हौस नको. माणसाला एकटं सोडू नका, सुपरवायझरला तिथल्या तिथं कळवा, मानसोपचारतज्ज्ञाकडे पोचवा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६ हा नंबरही लिहून द्या.

एसटी स्टँडवर चुलते गाठतात, "आमच्या पोराचं काय म्हणतंय?" गोपनीयता हा २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं दिलेला हक्क आहे, पण चुलत्यांना कायदा ऐकवत बसू नका. "त्यालाच इचारा की," म्हणायचं आणि गाडीत चढायचं.

दोन दिवसांच्या कार्यशाळेचं प्रमाणपत्र भिंतीवर टांगून दुकान थाटणाऱ्यांना काय सांगणार? स्वतःच्या सत्रातल्या चुका ऐकून घ्यायची तयारी नसेल, तर माझी वेळ मागू नका.

आणि नोंदवही पिशवीत टाकून घरी न्यायची नाही. कपाटात ठेवायची, कुलूप लावून.